रायटिंग : सांडू हिवराळे

आमच्या सांडूमामाला माणसाची पारख अक्षरावरून करायची खोड आहे. नात्यात कुणाचं स्थळ आलं की बाकीचे मुलाचा पगार विचारतात. मामा त्याच्यापुढं कागद सरकवतो आणि म्हणतो, चार ओळी लिहा. माझं अक्षर बघून त्यानं मी शाळेत असतानाच माझी आशा सोडली होती. पुढं मी बँकेत लागलो, पण सोडलेली आशा त्यानं काही परत धरली नाही.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत तो डिस्पॅचला होता. खोक्यांवर मार्करनं 'धिस साइड अप' आणि 'हँडल विथ केअर' लिहायचं, हे त्याचं काम. त्याचं म्हणणं, त्यानं लिहिलेलं खोकं कुणी उलटं ठेवायची हिंमतच केली नाही. पुढं कंपनीनं छापील स्टिकर आणले. मामा अजून त्या स्टिकरवाल्याला नावानिशी शिव्या देतो. आता रिटायर झाल्यावर विहाराचा फळा त्याच्याकडं आहे, गल्लीतल्या लग्नपत्रिकांवरची नावं त्याच्याकडं आहेत आणि नळाच्या वेळापत्रकाची पाटीही त्याच्याकडं आहे. आमच्या शहरात पाणी यायचं तेव्हा येतं, पण आमच्या गल्लीत ते न आल्याची सूचना बघत राहावी अशी असते.

अशा माणसाच्या पोटी अमृता जन्मली. तिचं अक्षर पाहून डॉक्टरसुद्धा बुचकळ्यात पडले असते. मामानं पट्टी खाली ठेवून गिरवून घेतलं, लाडीगोडी लावली, चिडून पाहिलं. उपयोग शून्य. पोरगी मात्र लिहायची सपाटून. गोष्टी लिहायची. त्या वाचता येत नसल्यामुळं घरात कुणाला पत्ता नव्हता. मला तेवढ्या ती वाचून दाखवायची, आणि खरं सांगतो, चांगल्या असायच्या. मामाच्या कानावर घालायची सोय नव्हती. गोष्टी लिहिणं म्हणजे बसल्या जागी खोटं बोलणं, असं त्याचं ठाम मत.

दहावीनंतर अमृतानं आर्ट्सला प्रवेश घेतला. जालना रोडवरचं ज्युनिअर कॉलेज. विषय ठरवायला मामा अमृताला घेऊन निघाला आणि सोबत मलाही नेलं. टेबलावर बद्रीनाथ सर होते. ते म्हणाले, इंग्रजी तर सगळ्यांना सक्तीचं, पण यंदापासून आमच्या कॉलेजात इंग्रजीचा एक जादा वर्ग आहे. तीनपैकी एक निवडायचा. स्पोकन इंग्लिश, इंग्लिश लिटरेचर किंवा क्रिएटिव्ह रायटिंग.

"बहुतेक मुलं स्पोकनच घेतात," सर म्हणाले.

"तोंड हिचं आधीच लई चालतं," मामा म्हणाला. "अजून इंग्रजीत कशाला?"

"मग लिटरेचर?"

"त्यात काय असतं?"

"मोठ्या लेखकांच्या कथा, कविता, नाटकं."

मामानं पेढ्यात केस निघावा तसं तोंड केलं. मग तिसरं नाव त्याच्या डोक्यात शिरलं. आता आमच्याकडं रायटिंग म्हणजे हस्ताक्षर. 'तिची रायटिंग छान आहे' म्हटलं की अक्षर छान. दुसरा अर्थ मामाच्या कानावरून कधी गेलेलाच नव्हता.

"रायटिंगचा वेगळा क्लास हाय?" त्यानं विचारलं. "सरकारी मान्यतेचा?"

"कॉलेजचा आहे."

"आन् हे क्रिएटिव्ह म्हणजे?"

"जरा कल्पकतेनं. वेगळ्या वळणाचं."

वळण हा शब्द ऐकला आणि मामाचा चेहरा उजळला. मी तोंड उघडायला गेलो, तर टेबलाखालून अमृतानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाचेनं दिला. तिला जो वर्ग हवा होता तो तिच्या बापानंच हातात आणून ठेवला होता, आणि मी शहाणपणा केला असता तर गेला असता. मी पाय चोळत बसलो. घरी आल्यावर मामानं मामीला सांगितलं, "सत्यभामा, आता पोरीचं अक्षर मोत्याच्या दाण्यावाणी होतंय बघ."

पावसाळा संपेपर्यंत मामानं धीर धरला. मग एक दिवस अमृताची वही उघडली. अक्षर होतं त्याहून बिघडलं होतं, कारण आता ती दुप्पट वेगानं लिहीत होती. शनिवारी मामा तरातरा कॉलेजात. मी सोबत होतोच. तो वर्ग मनस्विनी मॅडम घ्यायच्या. त्यांच्यापुढं मामानं वही आपटली.

"मॅडम, तुम्ही हितं काय शिकवू राह्यले?"

"लिहायला शिकवते, काका."

"लिहायला तिला पहिलीपासून येतं. तुम्ही शिकवलं काय?"

मॅडम गोंधळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि हसू दाबत त्यांनी समजावून सांगितलं की इथं अक्षर शिकवत नाहीत. मनातलं कागदावर कसं उतरवायचं ते शिकवतात. कथा, लेख, व्यक्तिचित्रं.

"गोष्टी," मामा म्हणाला.

"हो, गोष्टीसुद्धा. आणि तुमची मुलगी वर्गात सगळ्यांत पुढं आहे."

अमृता दाराशी उभी होती. मामानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. कोण कुणाला सामील आहे हे त्याला कळलं. चिडला की मामा ओरडत नाही, हळू बोलतो. तो हळू बोलला, "सोमवारी ईषय बदलायचा. स्पोकनला टाका हिला."

"पप्पा, नका ना काढू," अमृता म्हणाली. एवढंच म्हणाली. तिचा आवाज असा कापरा मी कधी ऐकला नव्हता आणि मला मामाचा खरंच राग आला.

मॅडमनी कपाटातून एक कागद काढला. "निदान हा लेख तरी भित्तिपत्रकाला घेऊ द्या. तिनं वाचून दाखवला तेव्हा निवड झाली, पण कुणाला वाचताच येत नाही. तिला तीनदा उतरवून काढायला लावलं."

मामानं कागद हातात घेतला. एवढ्या रागातही त्याचा जीव कळवळला. असलं अक्षर कॉलेजच्या भिंतीवर, खाली आडनाव हिवराळे, आणि त्या कॉलेजात गल्लीतला कोण ना कोण येणारच. "ह्यो मी उतरवून देतो," तो म्हणाला. "पण ईषय सोमवारी बदलायचा म्हणजे बदलायचा."

रविवारी सकाळी मामा ओट्यावर पांढरा तक्ता, पट्टी आणि काळं पेन घेऊन बसला. मामी चहा देऊन गेली. लेख इंग्रजीत होता, आणि अर्थ कळल्याशिवाय मामा अक्षर काढत नाही. त्याचं म्हणणं, 'केअर'चा अर्थ माहीत नसता तर खोक्यावर ते तसं उमटलंच नसतं. म्हणून अमृतानं एकेक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, मग मामानं लिहायचं.

"माझ्या वडिलांचं अक्षर फार सुंदर आहे," अमृतानं सांगितलं.

मामा खूश. पहिली ओळ छापल्यासारखी आली. दुसरी, तिसरी, खोक्यांची, विहाराच्या फळ्याची, त्याही झोकात गेल्या. मग अमृता थांबली.

"पुढं?"

"त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचंच लिहिलं. कंपनीचं, लग्नघरांचं, नळाचं. ते सुंदर लिहितात, पण त्यांच्या मनातली एक ओळसुद्धा मी कधी वाचलेली नाही. त्यांना स्वतःचं लिहायला कुणी कधी सांगितलंच नाही."

मामाचं पेन तक्त्याच्या वर तसंच थांबलं. मी आता खोटी सबब काढून उठावं म्हणत होतो. मामानं चष्मा काढून पुसला.

"हे खरं लिव्हलंय व्हय?" त्यानं विचारलं.

"हो, पप्पा."

"गोष्टीत खरं पण चालतं?"

"चालतं."

त्यानं ती ओळ लिहिली. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. सगळ्यात खाली, लेखाच्या नावाइतकंच ठळक, लिहिलं: 'रायटिंग : सांडू हिवराळे'.

सोमवारी मामा मला घेऊन कॉलेजात गेला आणि तक्ता भिंतीवर लागला. वरच्या कोपऱ्यात अमृताचं नाव होतं, पण मामाच्या खालच्या सहीपुढं ते कुणाला दिसणार. बद्रीनाथ सरांनी उभ्या उभ्या लेख वाचला, खालचं नाव वाचलं आणि मामाचा हात हातात घेतला. "वा, हिवराळे. काय लिहिलंय हो वडिलांवर. इतकं चांगलं लिहिता, आणि बोलला नाहीत?"

हात दाबून घ्यावा असं लिखाणाचं कौतुक मामाच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नव्हतं. नुसतं हसून घेतलं असतं तरी भागलं असतं. भोवती पोरं जमली होती.

"माझ्या बापाला सही येत नव्हती, सर," मामा म्हणाला. "अंगठा लावायचा. त्याच्यावर लिव्हायचं ऱ्हाऊनच गेलं." मग त्यानं अमृताला पुढं ओढलं. "हे लिव्हलंय हिनं. माझं नुसतं अक्षर हाय."

सरांना फार काही समजलं नाही. त्यांनी मॅडमनी कळवलेलं विषय बदलायचं काम आठवून विचारलं, "मग हिचं स्पोकनचं काय करायचं?"

"नाय बदलायचं," मामा म्हणाला. "तिथंच राहू द्या. अक्षराचं मी बघतो."