परत आलेला माश्यांचा डबा

केजच्या एसटी स्टँडसमोर चार हात रुंदीचं एक दुकान आहे. वर पाटी आहे, पण पाटीवरच्या घड्याळाचे काटे उन्हानं कधीच उडालेत. आत बसतात गुफरानभाई. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्या माणसानं एकच कमाई केली, ती म्हणजे लोकांच्या तोंडचं एक वाक्य: ‘गुफरानच्या हातची वस्तू परत येत न्हाई.’

आणि एका मे महिन्यात ती परत आली. घड्याळ नव्हे, माश्यांचा डबा.

माश्या म्हणजे गुळावर बसणाऱ्या नव्हेत हो. सांगतो. मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली, आणि गुफरानभाई दिवसातून दोन सेल बदलण्यापुरते उरले. अशात एकदा भगवानराव दुकानात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, घर बीडला, आणि नाद धनेगावच्या धरणावर मासे धरायचा. त्यांनी खिशातून एक बारकासा गळ काढला. गळावर दोरा गुंडाळून कोंबड्याची पिसं बांधलेली, लांबून बघावं तर अगदी पाण्यावर पडलेला किडा. दोरा सुटला होता.

“गुफरानभाई, एवढं पुन्हा बांधून द्याल? याला माशी म्हणतात. गांडूळ नाही, कणीक नाही, मासा हिलाच फसतो.”

गुफरानभाईंनी भिंग लावलं. दोऱ्याचा एकेक वेढा सोडवत, मोजत ती माशी पुरती उकलली आणि तेवढेच वेढे मारून परत बांधली. मग तिच्याशेजारी दुसरी बांधली. भगवानरावांना कळेना, आपली कोणती नि यांची कोणती.

झालं, धंदा लागला. भगवानरावांचे पुण्याचे मित्रही माश्या मागवायला लागले. स्टँडवर चेष्टा सुरू झाली. लेथवाला मुंजाजी, गुफरानभाईंचा तरुणपणापासूनचा दोस्त, सगळ्यांदेखत ओरडायचा, “आधी बसून माश्या मारायचा, आता बसून बांधतो! अन् ते सायब मासा धरून परत पाण्यात सोडतेत म्हणं. सोडायचा तर धरतो कावून बे?”

“तू लोखंड कापून भुगा करतो, त्याचं काय खातो?” गुफरानभाई म्हणायचे.

चेष्टा करणाऱ्या याच मुंजाजीनं व्हाइस बनवून दिला. व्हाइस म्हणजे गळ पकडून ठेवणारा शिकंजा. मिस्त्रीच्या बाकावर असतो ना, त्याचं नातवंड म्हणा. आधी गुफरानभाई घड्याळाच्या हातव्हाइसात गळ धरायचे. तो डाव्या हातात धरावा लागे, म्हणजे बांधायला हात उरला एक, दुसऱ्याचं काम दातानं. भगवानरावांनी ऑनलाइन मागवून एक आणून दिला. चकचकीत, गरगर फिरणारा, दिसायला नवरदेव. पण जबडे मऊ. पन्नासेक माश्या झाल्या नि जबड्याला खाच पडली, गळ घसरायला लागला. शिवाय तो टेबलाच्या कडेला आवळायचा, आणि गुफरानभाईंच्या टेबलाला कडेपर्यंत काच.

मुंजाजीनं तो हातात घेऊन बघितला. “भाई, बैल घेताना शिंगाचा रंग बघतो का दात? याचे दात दुधाचे हायेत.”

मग त्यानं एक मोडकी कानस घेतली, घासून तिचे दोन निमुळते जबडे केले, तापवून तेलात बुडवले आणि पुन्हा हलके तापवले, गव्हाच्या काडीचा रंग येईपर्यंत. नुसतं कडक लोखंड काचेसारखं तुटतं, म्हणून. बैठकीला काय? भुसार दुकानदारानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यावर अडगळीत टाकलेलं पाच किलोचं लोखंडी वजन. त्याला भोक पाडून दांडा बसवला. काचेवर ठेवा नाहीतर फरशीवर, ढिम्म हलत नाही. गुफरानभाईंनी त्यात गळ आवळला आणि नखानं छेडला. ‘टिंग’ असा आवाज आला. “आता पक्का,” ते म्हणाले. “ढिला धरला तर थब् म्हणतो.” मग गळ अंगठ्यानं दाबला. गळ वाकला, पण जबड्यातून सुटला नाही. व्हाइसची परीक्षा ती एवढीच.

त्या व्हाइसावर गुफरानभाईंनी मार्चभर बसून शंभर माश्या बांधल्या, गोल पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा दुकानातल्या फळीवर ठेवला. मेच्या मध्याला भगवानराव आले, डबा घेऊन तडक धरणावर गेले आणि त्याच दुपारी परत आले.

त्यांनी डबा काचेवर ठेवला. “राग मानू नका, गुफरानभाई. मोठी मरळ लागली होती. गळ कट्‌कन तुटला. बाकीच्याही बघा.”

गुफरानभाईंनी भिंग लावलं. दोऱ्याखालून, टोकावर, जिथं पीस सुरू होतं तिथं, सगळीकडं तांबूस गंज. शंभरातल्या साठ गेलेल्या.

“दसऱ्यानंतर पुण्याचे मित्र येणार आहेत,” भगवानराव हळूच म्हणाले. “त्यांच्यासाठी बाहेरूनच मागवावं म्हणतो.”

चाळीस वर्षांत त्या काचेवर परत आलेली ही पहिली वस्तू. गुफरानभाईंची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही. “सायेब, दसऱ्यापर्यंत मागवू नका. पावसाळाभर माझ्याकडं डबा ठेवतो. एका बी गळावर गंजाचा ठिपका दिसला, तर व्हाइस मुंजाजीच्या भंगारात टाकीन अन् पुन्हा माशीला हात लावणार न्हाई.”

भगवानराव जरा घुटमळले. “बरं. दसऱ्यापर्यंत.”

आता गंज आला कुठून? बीड जिल्ह्यातला मे महिना, पारा बेचाळीसवर, नळाला पाणी आठ दिवसांनी. “हितं माणसाला पाणी न्हाई,” मुंजाजी म्हणाला, “अन् तुझ्या गळाला गंज! गळच खोटे हायेत.” गुफरानभाईंना ते पटेना. त्यांनी नवे कोरे गळ घेतले, पाच डब्यांत पाच-पाच टाकले, वर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एक घरात तांदळाच्या पिंपात, एक बायकोच्या कपाटात, एक मुंजाजीच्या लेथवर, एक माळ्यावर, आणि एक दुकानातल्या फळीवर. कपाटातल्या साड्या सरकवताना बायको सुरैया म्हणाली, “पंचेचाळीस वर्षांत माझ्या साडीला इतकी जागा न्हाई मिळाली, गळाला मिळाली.”

आठ दिवसांनी डबे उघडले. चार लखलखीत. फळीवरच्या डब्यात पाचही गळ ठिपक्या-ठिपक्यांचे.

“म्हंजे दुकानातच,” गुफरानभाई पुटपुटले. पण दुकानात काय? छत गळत नाही, भिंतीला ओल नाही. ते फळीकडं टक लावून बसायचे. कोणी सेल बदलायला आलं तर त्यालाच विचारायचे, “तुमाला हितं ओल वाटती का?” तो बिचारा पायाखाली बघायचा.

उलगडा केला सुरैयानं, तोही भांडता भांडता. तिनं उडदाचे पापड केले होते, कडकडीत उन्हात वाळवलेले. बहिणीला अंबाजोगाईला पाठवायचे म्हणून सकाळी पिशवी दुकानातल्या फळीवर ठेवून गेली. दुपारी जेवणाचा डबा घेऊन आली, पिशवीत हात घातला आणि थबकली. पापड कापडासारखा वाकला.

“अजी! माझे पापड मेले की हितं!”

“मेले म्हंजे?”

“म्हंजे बघा!” तिनं पापडाची गुंडाळी करून दाखवली. मोडला नाही. तिच्या डोक्यावरचा पदर मात्र हलत होता. वारं येत होतं खिडकीतल्या कूलरचं. वाळ्याच्या जाळीतून पाणी झिरपत, गार वारा फेकत, दिवसभर, नेमका त्या फळीवर.

सुरैयानं कमरेवर हात ठेवला. “तुमी तलवाड्याला गेलते ना?”

गुफरानभाईंनी मान वळवून कूलरकडं बघितलं. तलवाड्याची गोष्ट वीस वर्षं तेच सगळ्यांना सांगत होते. तलवाड्याच्या एका पाटलांचं घड्याळ दुसऱ्यांनी तीनदा दुरुस्त केलं नि तीनदा बंद पडलं. चौथ्यांदा ते गुफरानभाईंकडं आलं, तर हे स्वतः एसटीनं तलवाड्याला गेले, म्हणाले, घड्याळ कुठं ठेवता तेवढं दाखवा. पाटलांनी दाखवलं: पाण्याच्या रांजणाच्या वरच्या खिळ्यावर, ओल सरळ घड्याळात. खिळा बदलला, घड्याळ अजून चालू. ‘वस्तू बिघडत न्हाई, जागा बिघडवती,’ असं छाती काढून सांगणारा माणूस स्वतःच्या रांजणाशेजारी बसला होता, आणि त्याला तो गार लागत होता.

“लोकाचा खिळा दिसला,” सुरैया म्हणाली, “आपला कूलर न्हाई दिसला.”

गुफरानभाईंनी उठून कूलरचं बटण बंद केलं. त्यानंतर त्या उन्हाळ्यात ते पुन्हा चालू झालं नाही.

केजमध्ये मे महिन्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. गुफरानभाई पहाटेची फजरची नमाज झाली की दुकान उघडायचे आणि दहाच्या आत माशीचं काम आटोपायचे. पुढं घामाच्या धारा लागतात, आणि घामात मीठ. इथं त्यांना दुसरी चूक सापडली, आणि ती त्यांना जास्त झोंबली. घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगला त्यांनी आयुष्यात कधी बोट लावलं नव्हतं, सदा चिमटा. आणि गळाला? सरळ घामट बोटं. “माशाच्या तोंडात जायची वस्तू म्हणून मी तिला हलकी समजलो,” ते मुंजाजीला म्हणाले. “हातानं गिऱ्हाईक बघून काम केलं.”

“आता मला बी चिमट्यानं चहा देशील,” मुंजाजी म्हणाला.

नव्या शंभर माश्या चिमट्यानं बांधल्या गेल्या. गळ आधी स्पिरिटनं पुसायचा. बांधून झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोट पुसल्याएवढा हात फक्त लोखंडाला, पिसाला नाही, नाहीतर पीस जड होऊन बुडतं. माशी लगेच डब्यात नाही, एक पूर्ण दिवस बुचाच्या तुकड्यावर टोचून उघडी. डबा घट्ट झाकणाचा. आत चपलांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, दर महिन्याला बदलायच्या. आणि डब्याच्या कोपऱ्यात, कागदात गुंडाळलेला, सुरैयाच्या पापडाचा एक तुकडा.

“हा कशाला?” मुंजाजीनं विचारलं.

“हा माझा तलाठी,” गुफरानभाई म्हणाले. “ओल आत आली का, हाच पहिल्यांदा सांगंल.”

डबा सुरैयाच्या कपाटात गेला. पाऊस आला, त्या साली लागूनच आला. भिंतींना पोपडे धरले, चपलांवर बुरशी आली, मुंजाजीच्या दुकानातली लोखंडी पट्टी लाल झाली. गुफरानभाई दर शुक्रवारी जुम्म्याला, पावसानं उघडीप दिली की कपाट उघडायचे, पापडाचा कोपरा मोडायचे, कुट्टकन आवाज आला की झाकण लावायचे. एकदा भाद्रपदात तो वाकला. गुफरानभाईंनी ऊन नाही म्हणून पुड्या कोमट तव्यावर वाळवल्या, एकेक माशी भिंगाखाली पुसली, नवा पापड घातला. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. सुरैया एरवी बोलली असती. तिनं नुसता तवा गरम ठेवला.

दसरा झाला. भगवानराव पुण्याच्या दोघा मित्रांना घेऊन आले आणि म्हणाले, “डबा इथं नाही उघडायचा. धरणावर उघडू. तुम्हीही चला.” मुंजाजी न बोलावता जीपमध्ये बसला.

धनेगावच्या काठावर भगवानरावांनी झाकण काढलं. आधी पापड काढला, मोडला. कुट्टकन. मग एकेक माशी उन्हात धरली. दहा बघितल्या, वीस बघितल्या. गुफरानभाई त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हते, पाण्याकडं बघत होते. शेवटी भगवानरावांनी जरा दणकट, काळ्या पिसाची माशी निवडली, दोरीला बांधली आणि गवताच्या कडेला टाकली.

तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. मरळ! काठी कमानीसारखी वाकली, दोरी पाणी कापत गवताकडं धावली. गळ तुटायची जागा हीच. भगवानरावांनी ढील दिली, ओढली, पुन्हा ढील दिली. पाच मिनिटांनी हातभर लांबीची मरळ काठाशी आली. गळ तिच्या ओठात सरळ, जसा व्हाइसातून निघाला तसा.

भगवानरावांनी गळ सोडवला आणि मरळ पाण्यात ठेवली. ती शेपटी झटकून गेली.

“गेलं रात्रीचं कालवण!” मुंजाजी डोक्याला हात लावून म्हणाला.

भगवानराव हसत-हसत ती ओली माशी डब्यात ठेवायला गेले, तोच गुफरानभाईंनी त्यांचं मनगट धरलं. कोणत्याही साहेबाचं मनगट त्यांनी घड्याळाशिवाय कधी धरलं नव्हतं.

“सायेब, न्हाई. ही एक ओली आत गेली तर बाकीच्या नव्व्याण्णव जातील.”

भगवानरावांनी थबकून बघितलं. “एरवी मी ओलीच आत टाकली असती,” ते म्हणाले, आणि माशी डोक्यावरच्या टोपीला टोचून घेतली. पुण्याच्या दोघांनी डबा वाटून घेतला.

पंधरा दिवसांनी तो डबा काचेवर पुन्हा आला. भगवानरावांनी माणसाबरोबर पाठवला होता, आत चिठ्ठी: ‘रिकामा पाठवतो आहे. भरून द्या.’

गुफरानभाईंनी तो संध्याकाळी घरी नेला आणि सुरैयापुढं ठेवला. “परत आला,” ते म्हणाले. सुरैया दचकली, झाकण काढलं, आत बघितलं, पुन्हा बघितलं, बोटानं कोपरा चाचपला.

“माश्या घेतल्या ते ठीक हाय,” ती म्हणाली. “पण माझा पापड बी खाल्ला की वो त्यांनी!”