ऐकीव माहिती

बुधवार, दिनांक ११ फेब्रुवारी २००४, सकाळी साडेनऊ. वरच्या मजल्यावरचे पोलिश गृहस्थ माझ्या दारात उभे होते. हातात कागदांची फाइल आणि अंगात कोट. पुण्यातल्या फेब्रुवारीत कोट कुणी घालत नाही.

ते नगर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. नारायण पेठेतल्या माझ्या घराचा वरचा मजला कंपनीने त्यांच्यासाठी भाड्याने घेतला, त्याला दीड वर्ष झाले होते. त्यांचा नोकरीचा परवाना आणि भारतात राहण्याची परवानगी, दोन्हींची मुदत महिनाअखेर संपत होती. मुदतवाढीचा अर्ज कंपनीने वेळेत दिला होता. तो आता अडला होता. दिलेल्या पत्त्यावर हे गृहस्थ राहतात याला दुजोरा मिळत नाही, असा पोलीस चौकीचा अहवाल आला होता.

"काही तरी चूक झाली आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मी इथे राहतो, एवढे आपण येऊन सांगाल का? आपल्याला तसदी देतो आहे."

मुदत वाढली नाही तर त्यांना देश सोडावा लागणार होता. पोलंडमधली त्यांची नोकरीची जागा कंपनीने रद्द केली होती. परत जाऊन करण्यासारखे काम नव्हते. हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले, तेही तक्रारीच्या सुरात नाही. मी शर्ट बदलला आणि निघालो. चूक कुणाची, ते मला दारातच कळले होते.

आठवड्यापूर्वी एक हवालदार चौकशीला आले होते. मी वर्तमानपत्र वाचत होतो. वर ते गोरे साहेब राहतात का, असे त्यांनी विचारले. दीड वर्षात वरून खुर्ची सरकल्याचाही आवाज आम्ही ऐकला नव्हता. मी म्हणालो, "राहतात, असं ऐकून आहोत." वागणूक कशी आहे, या प्रश्नावर म्हणालो, "तक्रार करायची तर माणूस आधी दिसावा लागतो." आमच्या पेठेत ही भाडेकरूची स्तुती समजली जाते. हवालदारांनी दोन्ही उत्तरे लिहून घेतली. मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही आणि त्यांना बसाही म्हटले नाही.

पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा वेगळा कक्ष होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून अहवाल मोठ्याने वाचला. "घरमालक यांचेकडे चौकशी करता, सदर इसम राहत असल्याबाबत त्यांना केवळ ऐकीव माहिती असून, त्यांनी सदर इसमास प्रत्यक्ष पाहिलेले नाही."

मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. ऐकीव माहितीची पुराव्यात काय किंमत असते, हे मला कुणी सांगायला नको होते.

"काका, हे आपण म्हणालात?"

"म्हणालो."

"मी शनवार पेठेतला. मला वाचतानाच कळलं." ते आवाज न चढवता बोलत होते. "पण आमचे हवालदार अमरावतीकडचे. नवीन आहेत. वडीलधारा माणूस बोलतोय म्हणून त्यांनी ते खरं धरलं."

शेजारच्या टेबलावर कुणी तरी हसले. माझे कान तापले. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे जबाब पाहिले, आणि साक्षीदार आडवे बोलला की मनात त्याला मूर्ख ठरवत आलो.

काय वाचले, ते गृहस्थांनी मला विचारले. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगितले. मी नेमके काय बोललो होतो तेही सांगितले, आणि आमच्याकडे असे बोलतात, हेही. ते रागावतील किंवा हसतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी थोडा विचार केला.

"पण ते बरोबरच आहे," ते म्हणाले. "आपण मला फारसे पाहिलेलेच नाही."

हा टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो.

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. स्वतःच्या हस्ताक्षरात जबाब द्यावा, आणि 'सदर गृहस्थांना मी व्यक्तिशः ओळखतो' हे शब्द त्यात असावेत, असे सांगितले. नाव मी पासपोर्टवरून उतरवले; घरात आम्ही त्यांना 'वरचे' म्हणत असू. 'व्यक्तिशः' या शब्दापाशी लेखणी थांबली. खोटे लिहून देण्याची सवय मला नव्हती. मग तिथेच, अधिकाऱ्यांच्या देखत, मी त्यांना विचारले की आपण काय काम करता, घरी कोण असते. इस्पितळांसाठी लागणारे सॉफ्टवेअर ते तपासत. घरी आई होती. ती पूर्वी शिवणकाम करी, आता तिला नीट दिसत नव्हते. अधिकारी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मी ते वाक्य पुरे केले. ते जेमतेम खरे झाले होते.

त्याच दिवशी चौकीचा नवा अहवाल आला तर अर्ज पुढे जाईल, असे ठरले. मुदतवाढ त्यांना यथावकाश मिळाली. त्याचे श्रेय मी घेत नाही. अडवली मीच होती.

संध्याकाळी तेच हवालदार आले. मी उठून खुर्ची दिली, पाणी दिले. त्यांनी तेच दोन प्रश्न त्याच क्रमाने विचारले.

"राहतात," मी म्हणालो. "वागणूक चांगली आहे."

त्यांनी लिहिण्याआधी माझ्याकडे पाहिले. "पक्कं ना जी? लिहू ना मी असंच?"

त्यांनी मला टोचून बोलायला हवे होते. ते खरोखरच विचारत होते.

"लिहा," मी म्हणालो.

सकाळी गृहस्थांना कंपनीत दाखवायला नव्या अहवालाची पोच लागणार होती. मी हवालदारांबरोबर चौकीत गेलो, शिक्का घेतला, कोपऱ्यावर झेरॉक्स काढली. घर भाड्याने दिल्यापासून मी तो जिना चढलो नव्हतो. वर दाराखालून उजेड दिसत होता. आत नळ चालू होता. मी दार वाजवायला हात उचलला. मग खाली वाकून कागद दाराच्या फटीतून आत सरकवला आणि जिना उतरलो.