पाळीची बातमी

आमच्याकडे प्रेसनोट म्हणजे लग्नपत्रिकाच. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख अतिथी तमुक, दीपप्रज्वलन, हारतुरे, आणि जागा उरलीच तर शेवटी बातमी. गोंदियात जनसंपर्काचा अभ्यास सुरू केला, तेव्हा आमच्या सरांनी ही सवय पहिल्यांदा मोडायला घेतली. संपादकाची कात्री खालून चालते, म्हणून महत्त्वाचं ते वर, असं ते सांगत. मला हे इतकं पटलं, की घरच्यांच्या फोनवरच्या निरोपांनाही मी नावं ठेवू लागले.

त्याच सुमारास सौंदडजवळच्या आमच्या गावात मुरुमाचे टिप्पर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जाऊ लागले आणि पाळीला भेग पडली. पाळ फुटली असती तर खालचं सगळं धान वाहून गेलं असतं. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तलाव समितीचे अध्यक्ष. त्यांनी सभा घेतली, प्रेसनोटही पाठवली. पेपरात आलं ते एवढंच: सभा उत्साहात संपन्न, आणि सगळ्यांची नावं. भेगेवर कात्री चालली होती. टिप्पर येतच राहिले. माझं डोकंच फिरलं.

आता मी लिहिते, म्हटलं. पाळीवर जाऊन भेगेचा फोटो काढला. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय बातमी पुरी होत नाही, हे वर्गात शिकले होते. म्हणून कोहमाऱ्याच्या धाब्यावर टिप्परवाल्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "लिख के दो, हम दूसरे रास्ते से जाएँगे." आजवर त्याला लेखी कुणी कळवलंच नव्हतं. सगळे नुसत्या शिव्या घालत होते.

माझी प्रेसनोट भेगेपासून सुरू झाली, मग सुपरवायझरचं म्हणणं, आणि मोठ्या बाबांचं नाव अगदी तळाशी. वाचून त्यांनी तोंड फुगवलं.

"त्याचं कायले टाकलं? अन् माह्यं नाव खाली काऊन?"

मी मुळीच नमले नाही. त्याचा शब्द छापून आला की त्याला फिरवता येणार नाही, हे समजावलं. आणि कात्री लागणारच असेल तर नाव जावं, पाळ राहावी, असंही तोंडावर सांगितलं. घरात मला तेवढी सूट होती. शेवटी त्यांनी सही केली.

छापताना तळ उडालाच. पण भेग आली, सुपरवायझरचा शब्दही आला. समितीने पत्र दिलं आणि टिप्पर दुसऱ्या रस्त्याने गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पाळ दुरुस्त करायला गाव जमलं, तेव्हा एक पत्रकार आला. सवयीने त्याने आधी अध्यक्षांचं नाव विचारलं. मोठे बाबा फावड्याने माती ओढत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"नाव राहू द्या. भेग पाहून घ्या पहिले, आम्ही बुजवून राहिलो."