आयने दिलेली ओळ

माझ्या थोरल्या भावाने आमच्या आयला फसवलं. दुसऱ्या कुणी नाही.

आमच्या घरचं गाणं म्हणजे आय, भाऊ, त्याची बायको आणि मी. लग्नघरची बाया-माणसं नवरीच्या अंघोळीचं, उंबराचं पाणी आणायला विहिरीवर निघाली की आम्ही गात पुढे. रविवारी चर्चमध्ये भक्तिगीतं. भाऊ घुमट वाजवायचा, आय ओळ द्यायची, आम्ही ती झेलायचो. गाणी कुठे लिहिलेली नव्हती. नवरीचं, तिच्या मामाचं नाव ओवून आय ती जागच्या जागी जुळवायची.

गाण्याच्या पैशांची बोलणी मी करायचे. केळ्यांच्या टोपलीपासून सुरुवात करून बाजारात स्वतःचा गाळा उभा केलाय. मला कुणी गंडवू शकत नाही, असं सांगत फिरायचे. भावाने आमच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचं काढलं तेव्हाही भांडून घेतलं: आयला खुर्ची, गरम पाणी, दुपारची झोप, गाणी पहिल्यांदा ऐकवायचा कार्यक्रम गावच्या हॉलमध्येच. आवाज कुणाचा राहणार, तेवढं विचारलं नाही. आयच्या गाण्यात ते काय विचारायचं?

एव्हरशाईन कॉलनीतल्या स्टुडिओत आय तीन दिवस गायली.

कार्यक्रमाला ती ठेवणीतलं लाल लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. गाणं लागलं. शब्द आयचे, आवाज भावाच्या बायकोचा. घुमटाच्या जागी मशीनचा ठोका. आय माझ्याकडे वळली.

"बाय, मी कधी येते?"

"येशील. थांब."

सगळी गाणी संपली. ती आली नाही.

घरी मी भावाला धरलं. "ती आय आहे की तुझ्या बायकोला गाणी शिकवणारी बाई?"

"दम लागतो तिला. वर गेली की आवाज फाटतो. कोण नाचणार त्याच्यावर?"

"अख्खं गाव नाचलंय."

"तू केळी विक. सुरातलं तुला काय कळतं?"

आय भाकरी मोडत होती. "भांडू नका," म्हणाली. "सून बरी गायली."

त्यानंतर तिने कुठेच ओळ दिली नाही. चर्चमध्येही ओठ मिटून बसायची. आम्हाला बोलावणीही येईनाशी झाली; लोक स्पीकरवर भावाचंच गाणं लावतात. त्यात आयने नातीचं नाव ओवलं होतं. आता नवरी कुणीही असो, विहिरीवर नाव भावाच्या मुलीचंच वाजतं.

आय गेल्या पावसाळ्यात गेली. चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीच्या मिस्साला भावाने ओळ दिली. मला ती झेलता आली नाही.

नंतर त्याच्याकडे ते तीन दिवस मागितले. फक्त तिचा आवाज, दुसरं काही नको. "पुसलं ते," म्हणाला. "कॉम्प्युटरात जागा नव्हती."

आयुष्यभर घासाघीस केली, पण इथे कशावर करू? माझ्याकडे तिच्या आवाजातला एक शब्दही नाही.

भाऊ, रविवारी चर्चच्या पायरीवर गावासमोर उभा राहा आणि सांग. आय तीन दिवस कुणासाठी गायली? आणि पुसताना तुझा हात कसा चालला?