सोलापुरी चादरीखालची बीअर

दोनदा तपासल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट खरी मानायची नाही, असा पण करून जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा भाऊजींचा पोटापाण्याचा उद्योग. पण ऑफिस सुटलं तरी उद्योग काही सुटत नसे. पुण्याहून परदेशी येऊन आम्ही बिशान भागात घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली त्यांच्याकडे होती आणि उरलेला फ्लॅट त्यांच्या तपासणीखाली होता. बाहेर पडताना कुलूप लावायचं, लिफ्टपर्यंत जायचं, परत येऊन कुलूप ओढून बघायचं, मग लिफ्टचं बटण नव्यानं दाबायचं. तोवर आम्ही सगळे दारात ताटकळत. एमआरटीत चढले की गाडी बरोबर दिशेला चाललीय ना, हे दोन स्टेशनं नकाशाशी पडताळून मगच बसणार. एकदा मी हौसेनं उपमा केला, तर दोन घास खाऊन म्हणतात, "वहिनी, चांगला आहे, पण गेल्या रविवारच्या उपम्याशी जुळत नाही." मी म्हटलं, "मग गेल्या रविवारचाच खा." ते हसले नाहीत. खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

असा हा माणूस एका शुक्रवारी भर दुपारी घरी आला. कंपनीनं त्यांचा अख्खा विभागच बंद केला होता. नोकरी गेली की इथे राहायचा पास रद्द, आणि तो रद्द झाला की तीस दिवसांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर सामान बांधून पुण्याला परतायचं, हे इथे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. माझा नवरा घाबरला, मी त्याच्याहून घाबरले. भाऊजी मात्र शनिवारी सकाळी बाहेर पडले आणि झाकणाला नळी बसवलेली एक मोठी बादली, माल्टच्या घट्ट पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी घेऊन आले. "घरी बीअर करणार आहे," म्हणाले. "स्वतःपुरती केली तर इथे चालते. दोनदा तपासलंय." ज्या माणसानं जन्मात एका वेळी अर्ध्या ग्लासाच्या वर बीअर प्यायली नाही, तो हे बोलत होता. "अहो, नोकरी शोधायची सोडून हे काय?" मी बोलून गेले. बोलायला नको होतं. "सकाळी नोकरी, दुपारनंतर बीअर," ते शांतपणे म्हणाले. "अठ्ठावीस दिवस लागतात."

मग सुरू झाली धुलाई. बादली धुतली, चमचे धुतले, थर्मामीटर धुतला, हात कोपरापर्यंत इतक्यांदा धुतले की डॉक्टर शस्त्रक्रियेलाही धूत नसतील. गणपतीच्या जेवणाचं माझं मोठं पातेलं त्यांनी मागितलं. मी ठाम नाही म्हटलं, तर दुसरं विकत आणलं. सगळं उकळून, गार करून, वर यीस्ट भुरभुरवून बादली त्यांच्या खोलीत गेली. तिला अठरा अंश हवेत म्हणून एसी अष्टौप्रहर चालू, आणि स्वतः भाऊजी हॉलमध्ये पंख्याखाली, घामाघूम. "माझ्या श्वासानं खोली तापते," हे त्यांचं म्हणणं. आमची ईरा नऊ वर्षांची, तिचं सगळं बोलणं इथल्या शाळेतलं, वाक्याच्या शेवटी इथला 'लाह' लावून. ती म्हणाली, "काका, यू सो फनी, लाह." काकांनी तिला थर्मामीटर वाचायला शिकवलं.

नळीतून बुडबुडे आले की बीअर जिवंत आहे असं समजायचं. सोमवार आला तरी एकही बुडबुडा नाही. भाऊजी बादलीसमोर खुर्ची टाकून बसलेले. पाठवलेल्या एकाही अर्जाला तोवर उत्तर नव्हतं, आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मंगळवारी जुरोंग ईस्टला मुलाखत निघाली. टाय बांधून निघाले, लिफ्टपर्यंत गेले, परत आले. कुलूप बघायला असेल असं मला वाटलं, तर थेट बादलीपाशी. "यीस्ट मेलं असावं," म्हणाले, आणि गेले.

मला भरून आलं. आणि खरं सांगते, मला त्या यीस्टचा रागही आला. पुण्याच्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही तेव्हा आपण काय करतो? चांगलं गुरफटून उबेला ठेवतो. हे गारठ्यात फुगेल कसं? मी एसी बंद केला, लग्नातली माझी सोलापुरी चादर काढली आणि बादलीला दुहेरी लपेटून, दार लावून कामाला लागले.

चारच्या सुमाराला फट्‌ असा आवाज आला. जाऊन बघते तर झाकण पलंगावर, फेस चादरीतून उतून फरशीवर, पडद्यावर, भिंतीवर, आणि खोलीभर पिकल्या केळ्यांचा वास. मी धावतपळत एसी लावला, चादर मशीनमध्ये टाकली, झाकण धुऊन बसवलं. भिंत पुसायच्या आत भाऊजी आले. ते दारात उभे राहिले आणि नळीतून बुडबुडे येताना बघत राहिले. "वहिनी, जिवंत आहे," एवढंच म्हणाले. मुलाखतीचं विचारायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही.

पुढचे सगळे दिवस त्यांनी कारण शोधण्यात घालवले. वहीत एक रकाना होता: "अठरा अंशांवर उद्रेक. कारण:" आणि पुढे कोरं. मला रोज विचारत, "एसी मधेच बंद पडला होता का?" मी रोज म्हणे, "मला काय माहीत?" दोन आठवड्यांनी बीअर बाटल्यांत भरली. मी एकीकडे बाटल्या बघायची, दुसरीकडे कॅलेंडर. देवापुढे दिवा लावताना मागायची ते नोकरीसाठीच, पण बीअरचंही पुटपुटून घ्यायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पहिली बाटली उघडली. चार घोट घेतले, डोळे मिटले, वहीत लिहिलं: "केळं. थोडी लवंग. वाईट नाही." मग वहीतूनच एक घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. जुरोंग ईस्टच्या कंपनीचं पत्र होतं. नव्या पासला मंजुरी आली होती. तारीख परवाची.

"दोन दिवस सांगितलं नाहीत?" मी म्हटलं.

"चव बघताना मन तटस्थ हवं."

मी त्यांना मनसोक्त बोलून घेतलं, आणि बोलता बोलता रडायलाच लागले. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेला होता. त्याच रडण्यात तोंडून निघून गेलं, "आणि चादर मी घातली होती." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "एकेरी की दुहेरी?" "दुहेरी." त्यांनी वही उघडली, तो कोरा रकाना शोधला आणि लिहिलं: "वहिनी."

वर्षभरानं ते जुरोंग ईस्टला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथे त्यांनी कितीतरी वेळा बीअर केली, सगळी अठरा अंशांवर, काचेसारखी स्वच्छ. परवा फोन आला. "वहिनी, चांगली होते, पण पहिल्या बीअरशी जुळत नाही. ती चादर मिळेल का?"

ती देण्यासाठीच आज निघाले होते. कुलूप लावलं, लिफ्टपर्यंत गेले. मग चादर काखेत धरून परत आले आणि कुलूप ओढून बघितलं. हल्ली ते मलाच बघावं लागतं.