वीस पावलं

मामा जनरेटर भाड्याने देतो. कुठेही गेला की आधी वारा बघतो, घरापासून वीस मोठी पावलं मोजतो, आणि मगच यंत्र उतरवतो.

"अहो, वेशीबाहेर नेताय की काय?" गिऱ्हाईक वैतागतं.

मामा हसत नाही. लांब वायर सोडत राहतो.

पूर्वी तो असा नव्हता.

मावशी म्हणजे त्याची थोरली बहीण, शिवणकाम करणारी. गळ्यात टेप असायचा, पण वही कधीच नाही. सगळ्या गल्लीची मापं तिच्या डोक्यात. त्या दुपारी वीज गेली आणि शाळेचे तीस गणवेश सकाळी द्यायचे होते. मामाने अंगणात जनरेटर लावला. शेजारचे आजोबा आवाजावरून कुरकुरले. मामा पडला भिडस्त. त्याने यंत्र मागच्या पडवीत नेलं, मावशीच्या खिडकीखाली. वर छप्पर असलं तरी तीन बाजू उघड्या. हे बाहेरच की, असं त्याला वाटलं. वायरीसाठी खिडकी अर्धी उघडी ठेवली आणि स्वतः पुढच्या अंगणात बटणं लावत बसला.

"डोकं भणभणतंय रे," तासाभराने आतून आवाज आला.

"तीस कॉलरी लावल्यावर कुणाचंही भणभणेल, ताई. चहा टाकू?"

"तू नको. तुझ्या चहाने उरलंसुरलं डोकंही जाईल."

दोघंही हसले. मामा दूध आणायला गेला. परतला तेव्हा मशीन चालूच होतं. मावशी कापडावर कलंडलेली, पाय पेडलवर तसाच, आणि सुई एकाच जागी टोचत होती.

मावशी वाचली. "जनरेटरचा विषारी धूर खिडकीतून आत भरला होता. वेळेत बाहेर काढलंत," डॉक्टर म्हणाले. तो 'वेळेत' मामाला अजून बोचतो.

मापं मात्र गेली. आता ती वही ठेवते, आणि वही कुठे ठेवली ते विसरते. तिने त्याला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो एकदा माझ्या आईला म्हणाला होता.

गेल्या महिन्यात तो तिच्याकडे सदरा शिवायला टाकायला गेला, मी सोबत होते.

"सरळ उभा राहा. पोट आत घेऊन मला फसवू नकोस."

तिने मापं घेतली, लिहिली. आम्ही चहा प्यालो. कप ठेवून तिने पुन्हा टेप उचलला.

"ऊठ रे, तुझं माप राहिलंय."

मी बोलणार होते. मामाने नजरेनेच मला गप्प केलं. मग उठला, आणि हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला.