दुभाषी येईपर्यंत

शेजारच्या शोभाताईंचा मुलगा बॉम्बस्फोटात गेला. खटला सुरू झाला तेव्हा मी त्यांच्यासोबत कोर्टात गेलो. दारात बंदूकधारी पोलीस होते, पिंजऱ्यात परदेशी आरोपी. त्याला आपली भाषा कळत नाही म्हटल्यावर न्यायाधीशांनी दुभाषी येईपर्यंत काम थांबवलं.

“असल्या माणसाचे एवढे लाड कशाला?” मागून कुणीतरी पुटपुटलं.

शोभाताई वळून शांतपणे म्हणाल्या, “थांबू दे. हाच तो आहे का, ते मला नीट कळायला हवंय.”

मी थक्क झालो. एवढ्या बंदुका, एवढे वकील आणि एक आई, सगळे त्या एका माणसासाठी थांबले होते. देशाचं बळ मला त्या थांबण्यात दिसलं.

दुभाषी आला, आरोप वाचू लागला. न कळणाऱ्या भाषेतला शब्दन्‌शब्द शोभाताई तोंडाशी पदर धरून ऐकत राहिल्या.